देवाच्या घरी जाताना

लग्न होऊन महिना होत नाही तोवर घरातलं मोठं माणूस म्हणतं, "एकदा कुलदैवताला जाऊन या." कुणाचा खंडोबा पालीचा, कुणाचा शंभुमहादेव शिखर शिंगणापूरचा, कुणाची काळूबाई मांढरदेवीची, कुणाचा सिद्धनाथ म्हसवडचा नाहीतर खरसुंडीचा. पुण्या-मुंबईत वाढलेलं जोडपं मान डोलावतं आणि गाडी टोलनाका ओलांडून पुढे गेली की एकमेकांना विचारतं, "तिथं गेल्यावर करायचं काय?" आजीला विचारावं तर ती म्हणते, "त्यात काय, सगळे करतात तसं करायचं." इंटरनेटवर शोधावं तर शंभर नियम, आणि त्यातले पन्नास एकमेकांशी भांडणारे. मनात खरी भीती वेगळीच असते. काही चुकलं तर?

या प्रकरणात त्या प्रश्नाचं उत्तर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या देवळांच्या आधाराने शोधू. कृष्णेच्या या खोऱ्यात गणपती, महादेव, मारुती, खंडोबा, देवी, दत्त असे सगळे देव एकेका दिवसाच्या अंतरावर आहेत आणि प्रत्येकाची रीत निराळी आहे. रीती पाठ करायला गेलं की गोंधळ उडतो. त्यांच्यामागचं कारण एकदा कळलं की बहुतेक गोष्टी आपोआप जुळतात.

१. देव घरी आहे, एवढंच धरून चाला

पाथरवटाने घडवलेली मूर्ती ही शिल्प असते. तिची प्राणप्रतिष्ठा झाली की त्या दिवसापासून ती देव होते, आणि देव म्हणजे त्या घरात राहणारा कुणीतरी. ही गोष्ट शास्त्राने अक्षरशः घेतली आहे. सकाळी काकडआरतीने देवाला जागं करायचं, मग स्नान, वस्त्र, गंध, फुलं, धूप, दीप, नैवेद्य. दुपारी विश्रांती, सायंकाळी धूपारती, रात्री शेजारती. पूजेचे जे सोळा उपचार सांगितले आहेत त्यांचा क्रमही घरी आलेल्या मोठ्या माणसाच्या सरबराईचा आहे: बोलावणं, बसायला आसन, पाय धुवायला पाणी, हातावर पाणी, आचमन, मग स्नान आणि पुढचं सगळं.

हे ध्यानात आलं की पहिली तक्रार मिटते. "आम्ही दोन तास गाडी चालवून आलो आणि पुजाऱ्यांनी पडदा ओढला!" नैवेद्याच्या वेळी पडदा असतो, कारण जेवणाऱ्याकडे आपण टक लावून बघत नाही. दुपारी काही देवळांत गाभारा बंद असतो, कारण यजमान आडवे झालेले असतात. म्हणून निघण्याआधी देवळाच्या वेळा विचारून घ्याव्यात. सणाला, यात्रेला त्या बदलतात.

पुजाऱ्यालाही याच नात्याने पाहावं. सातारा-सांगलीकडच्या गावांत महादेवाची, मारुतीची, खंडोबाची सेवा बहुतेक ठिकाणी गुरवांकडे असते, तीही घराण्यांत पाळीने वाटलेली. ज्याची पाळी त्याची त्या दिवशीची जबाबदारी. ते देवाच्या घरचं माणूस आहेत. फूल द्यायचं, ओटी द्यायची, अभिषेक सांगायचा तर त्यांच्या हाती. "गुरवकाका, इथं काय पद्धत आहे?" एवढं विचारलं तर शंभर नियमांची यादी खिशातच राहते. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता मधे हात घालण्यात मात्र आहे.

२. घरून निघण्याआधी

बाहेरची तयारी सगळ्यांना ठाऊक असते: आंघोळ, धुतलेले कपडे, पोट रिकामं किंवा हलकं. कपड्यांबद्दल वाद फार होतात, म्हणून फरक सांगतो. सभामंडपापर्यंत जाणाऱ्याला स्वच्छ आणि अंगभर कपडे पुरेत. गाभाऱ्यात जाऊन स्वतः अभिषेक करायचा असेल तर सोवळं लागतं. सोवळं म्हणजे धुतल्यावर कुणाचा स्पर्श न झालेलं वस्त्र किंवा रेशमी कद, पीतांबर. चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवण्याचा आग्रह याच सोवळ्यातून आला. घरात सोयर किंवा सुतक असेल तर साधारण दहा दिवस देवळात जात नाहीत. मला या रीतीत शिक्षेपेक्षा सवलत जास्त दिसते. बाळंतिणीच्या किंवा दुःखातल्या घराला त्या दिवसांत सगळ्या औपचारिक कर्तव्यांतून सुट्टी मिळते.

आतली तयारी मात्र कुणी सांगत नाही, आणि ती न केल्यामुळेच दर्शन चार सेकंदांत उरकतं. तीन तास रांगेत उभं राहायचं, गाभाऱ्यासमोर आलं की डोळे मिटायचे, आणि बाहेर पडल्यावर मूर्तीच्या अंगावर कोणत्या रंगाचं वस्त्र होतं तेही आठवत नाही. याला उपाय जुना आहे. समर्थ रामदासांचं कार्यक्षेत्र म्हणजे हाच मुलूख. चाफळला त्यांनी राममंदिर उभारलं, सज्जनगडावर १६८२ साली देह ठेवला. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती आहे, म्हणजे भक्तीचे नऊ प्रकार, एकेका समासात एकेक. त्यात अर्चनाच्या समासात पूजासाहित्याची लांबलचक यादी देऊन झाल्यावर समर्थ मानसपूजेकडे वळतात. जे जे देवाला द्यावंसं वाटतं ते मनाने कल्पून वाहावं, असा त्याचा आशय.

ही मानसपूजा गाडीत बसून करता येते. कशी, ते बघा. समजा तुम्ही सांगलीच्या गणपतीला निघाला आहात. मिरज सोडलं की फोन बाजूला ठेवा. मनातल्या मनात मूर्तीला स्नान घाला, लाल फूल वाहा, दुर्वा वाहा, दिवा लावा, नैवेद्य दाखवा, नमस्कार करा. प्रत्येक गोष्टीला एक-दोन श्वास. देऊळ येईपर्यंत पूजा झालेली असते, आणि प्रत्यक्ष मूर्तीपुढे मिळालेले चार सेकंद डोळे भरून बघायला मोकळे राहतात. डोळे मिटायचे ते घरी किंवा वाटेत. गाभाऱ्यासमोर उघडे ठेवायचे.

मागणं असेल तर तेही निघतानाच ठरवावं. मागण्यात वाईट काही नाही. संतांनी सकाम भक्तीला खालची पायरी म्हटलं, पायरीवरून हाकललं नाही. पण एकच मागावं. नवस बोलणार असाल तर आपल्याच्याने फेडता येईल असाच बोलावा. मुलाच्या नोकरीसाठी वडिलांनी बोललेला अनवाणी चालण्याचा नवस पुढे गुडघे गेलेल्या आईच्या गळ्यात पडतो, असं पुष्कळ घरांत घडतं.

चालणं हीही तयारीच. चैत्रात शिखर शिंगणापूरला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून कावडी येतात. कावड म्हणजे बांबूला दोन बाजूंना बांधलेले पाण्याचे मोठे हंडे, खांद्यावर घेऊन चालायचं. सासवडकडची तेल्या भुत्याची मानाची कावड चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून वर चढते, माणसांच्या साखळ्या करून, हातोहात. महादेवाच्या डोक्यावर जे पाणी पडतं त्यात किती दिवसांची चाल आहे, ते त्या खांद्यांना ठाऊक असतं. आपण घाटरस्त्याने गाडी वर नेतो. निदान शेवटच्या पायऱ्या तरी बोलणं बंद ठेवून चढाव्यात.

३. दरवाजापासून आत

देवळाची बांधणी बाहेरून आत अरुंद आणि अंधारी होत जाते. महाद्वार, अंगण, दीपमाळ, मग सभामंडप, त्यापुढे अंतराळ नावाची चिंचोळी जागा आणि शेवटी गाभारा. बाहेर ऊन, गलका, दुकानं. आत एक समई. ही रचना मुद्दाम आहे. नजरेला आणि आवाजाला टप्प्याटप्प्याने खाली आणणं हे तिचं काम, आणि आपण त्या टप्प्यांवर थांबलो तरच ते होतं. धावत गाभाऱ्याशी जाणाऱ्याला देऊळ काही करू शकत नाही.

वाईला गणपती आळीच्या घाटावर उभं राहिलात तर हे नीट दिसतं. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. आतली मूर्ती एकाच दगडातली, इतकी रुंद की नाव 'ढोल्या' पडलं. तिच्यासमोर अगदी नाकाशी उभं राहिलं तर काहीच धड दिसत नाही. चार पावलं मागे या, मग गणपती पुरता दिसतो. मोठ्या मूर्तीचं दर्शन लांबून घ्यावं, हा नियम कुठल्या पोथीत शोधायला नको.

जवळच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच्यासमोर नंदी. महादेवाच्या देवळात नंदी आणि पिंडीच्या मधे उभं राहत नाहीत. नंदीची नजर पिंडीवर लागलेली असते, आपण आडवे आलो की ती तुटते. बाजूने वाकून, नंदीच्या दोन शिंगांमधून पिंडी पाहायची. त्याला शृंगदर्शन म्हणतात. याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. मधली वाट मोकळी राहते आणि मागच्यालाही देव दिसतो.

उंबऱ्यावर पाय देत नाहीत, ओलांडतात. जुन्या देवळांत उंबऱ्यावर कीर्तिमुख कोरलेलं असतं, म्हणून तिथं हात लावून नमस्कार करतात. चौकट ठेंगणी असते, तिथं मान आपोआप वाकते. सभामंडपाच्या फरशीत दगडी कासव असतं, त्यालाही पाय लावत नाहीत.

घंटा आत जाताना एकदा वाजवावी, देवाला आल्याची वर्दी म्हणून. आठ-दहा टोले देऊन लहान पोराला खेळवण्यासाठी ती नाही. कुणी ध्यानाला बसलं असेल, पोथी चालू असेल, तर हात लावून नुसता नमस्कारही चालतो. घंटेवरून आठवलं, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तिथल्या मेणेश्वराच्या देवळापाशी टांगलेली घंटा चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसई विजयानंतर आणलेल्यांपैकी एक. पोर्तुगीजांनी १७०७ साली ओतलेली, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे. चर्चमधली घंटा महादेवापुढे इतकी वर्षं वाजते आहे आणि कुणाचं काही अडलेलं नाही. नियमांचा फार बाऊ करणाऱ्यांनी ती एकदा पाहून यावी.

४. ज्याचा त्याचा मान

प्रत्येक देवाच्या घरची आवड वेगळी. गणपतीला दुर्वा आणि लाल जास्वंद. तुळस त्याला एरवी वाहत नाहीत. महादेवाला बेल, पांढरी फुलं, भस्म. बेलाचं पान पालथं वाहतात. विठ्ठलाला, रामाला तुळस. मारुतीला रुईच्या पानांची माळ, तेल, शेंदूर. देवीची खण-नारळाने ओटी. हे सगळं दुकानदार पाटीत घालून देतोच, पण पाटी घेण्याआधी आपण कुणाकडे चाललो आहोत ते स्वतःला माहीत असावं.

सांगलीच्या गणपतीत इथे एक गंमत आहे. १८०१ साली मिरजेपासून वेगळं झालेलं सांगली संस्थान चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी उभं केलं, आणि कृष्णाकाठचं हे देऊळही त्यांचंच. ते पंचायतन आहे. पंचायतन म्हणजे पाच देवांची एकत्र मांडणी: मधे मुख्य देव, भोवती चार. इथे मधे गणपती आणि भोवती सूर्यनारायण, चिंतामणेश्वर महादेव, चिंतामणेश्वरी देवी आणि लक्ष्मीनारायण. म्हणजे एका आवारात पाच घरं. बरेच लोक गणपतीला नमस्कार करून थेट भेळेच्या गाडीकडे वळतात. बाकी चौघांना ओळख न देता निघून जाणं बरं दिसत नाही.

तासगावचा गणपती उजव्या सोंडेचा. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळंओवळं कडक असतं अशी समजूत आहे, म्हणून लोक जरा बिचकून असतात. घरी अशी मूर्ती बसवणाऱ्याने पूजेचे नियम विचारून घ्यावेत हे ठीक. देवळात जाणाऱ्याला मात्र काही वेगळं करावं लागत नाही, पूजेची जबाबदारी पुजाऱ्यांची. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या या देवळाला दक्षिणेकडच्यासारखं उंच गोपुर आहे. ऋषिपंचमीला इथला रथ दोरखंडांनी ओढतात. दोराला हात लावायचा असेल तर खुशाल लावा, पण रथाच्या चाकांपासून मुलांना लांब ठेवा.

समर्थांनी स्थापलेले अकरा मारुती याच टापूत आहेत. सात साताऱ्यात: शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन. दोन सांगलीत, बहे-बोरगाव आणि शिराळा. उरलेले दोन कोल्हापुरात, मनपाडळे आणि पारगाव. काही देवळं अगदी लहान, गावाच्या रोजच्या वहिवाटीत आहेत. इथे कडक शिस्तीची अपेक्षा कुणी करत नाही. शेतावर जाणारा माणूस वहाणा काढून बाहेरूनच हात जोडतो आणि पुढे जातो. तेही पुरतं दर्शन. बाहेरच्याने मात्र गाडी थेट पारापाशी आणून लावू नये. तो पार गावातल्या म्हाताऱ्यांची बैठक आहे.

पालीला, म्हणजे कराड तालुक्यातल्या तारळी काठच्या पालला, याच्या उलट. खंडोबाकडे शांतपणे, मान खाली घालून उभं राहिलात तर तुम्हीच परके दिसाल. इथे भंडारा उधळायचा आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' मोठ्याने म्हणायचं. कुलाचारातली तळी भरताना ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवतात, पाचजण मिळून ताम्हण धरतात आणि 'सदानंदाचा येळकोट' म्हणत उचलतात. पाच माणसं नसतील तर शेजारच्या कुटुंबाला हाक मारायची. ओळखदेख लागत नाही, खंडोबाकडे कुणी नाही म्हणत नाही. पांढरे कपडे घालून गेलात तर पिवळे होऊन परत याल, एवढी तयारी ठेवा.

आणि तिथून दीड-दोन तासांवर औदुंबर. पलूस तालुक्यात, कृष्णेच्या डोहाकाठी. नृसिंह सरस्वतींनी इथे चातुर्मास केला आणि इथे पूजा होते ती मूर्तीची नाही, पादुकांची. गुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायात इथलीच कथा आहे. करवीरचा एक मंदबुद्धी मुलगा, लोकांच्या हेटाळणीने कंटाळून भिलवडीच्या भुवनेश्वरीपुढे धरणं धरून बसला. देवी प्रसन्न होईना म्हणून त्याने स्वतःची जीभ कापून वाहिली, तेव्हा देवीने त्याला नदीच्या पलीकडे औदुंबराखाली बसलेल्या गुरूंकडे पाठवलं. कथेतली देवी स्वतः काहीच देत नाही, फक्त वाट दाखवते. म्हणून आजही लोक दोन्ही काठांचं दर्शन घेतात. औदुंबरात बोलायचं कमी. अनेकजण पारायणाला बसलेले असतात, प्रदक्षिणा घालणारे तोंडाने नाम घेत असतात. इथे घातलेला येळकोट आणि पालीला धरलेलं मौन, दोन्ही सारखेच चुकीचे.

५. प्रदक्षिणा

देव आपल्या उजव्या हाताला राहील अशा बाजूने फिरायचं. किती, याचं जुनं गणित असं सांगतात: देवीला एक, सूर्याला सात, गणपतीला तीन, विष्णूला चार, महादेवाला अर्धी. आकड्यांबाबत ग्रंथांत मतभेद आहेत, तेव्हा एक चुकली म्हणून घाबरू नका. महादेवाची अर्धी मात्र समजून घ्या. पिंडीवरचं अभिषेकाचं पाणी गाभाऱ्याच्या भिंतीतल्या नाळेतून जिथे बाहेर पडतं, ते तीर्थ ओलांडत नाहीत. तिथवर जायचं, तिथूनच उलट फिरायचं, नंदीवरून पुन्हा दुसऱ्या बाजूने त्या नाळेपर्यंत जायचं आणि परतायचं. याला सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात. शिंगणापूरच्या गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, शिव आणि शक्ती म्हणून पुजली जाणारी. नियम तिथेही हाच. गर्दीत रांग ज्या बाजूने वळवली असेल त्या बाजूने मुकाट्याने जायचं. बांबूच्या कठड्यांशी शास्त्रार्थ करत बसू नये.

६. नारळ कुठं फोडायचा?

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाही.

वाई तालुक्यात मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईचं देऊळ आहे. पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. २५ जानेवारी २००५ ला, मंगळवारी, याच यात्रेत चेंगराचेंगरी झाली. चढाची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, वर चढणारे आणि खाली उतरणारे एकाच चिंचोळ्या जागेत. देवळापाशी फोडलेल्या हजारो नारळांचं पाणी आणि दिव्यांचं सांडलेलं तेल पायऱ्यांवर पसरलं होतं. माणसं घसरली, त्यांच्यावर मागची पडली. गोंधळात आणि संतापात दुकानांना आगी लागल्या, गॅसचे सिलिंडर फुटले. जवळपास तीनशे भाविक गेले, त्यांत स्त्रिया आणि मुलं पुष्कळ. सरकारने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला आणि पुढच्या यात्रांना पशुबळी, गर्दी, नारळ या सगळ्यावर निर्बंध आले.

गेलेले लोक भाविक होते. नारळ फोडणाऱ्या कुणाच्याही मनात दुसऱ्याचं वाईट नव्हतं. प्रत्येकाने आपल्यापुरता एकच नारळ फोडला. देवळातल्या वागणुकीबद्दल बोलताना आपण देवाला काय आवडतं याचा फार विचार करतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखाली काय आहे याचा करत नाही. माझ्या मते देवळातला सगळ्यात कडक नियम हाच असायला हवा, सोवळ्यापेक्षाही कडक.

त्याचा व्यवहारात अर्थ असा. नारळ ठरवून दिलेल्या जागीच फोडायचा किंवा न फोडता पुजाऱ्याकडे द्यायचा. अखंड नारळ अर्पण करण्यात काही उणं नाही. अभिषेकाचं दूध-तेल भांड्यातून न सांडता न्यायचं. गाभाऱ्यासमोर थांबून साष्टांग नमस्कार घालायचा नाही. तो मंडपाच्या कडेला, जागा बघून घालायचा. रांगेत पुढच्याला ढकलायचं नाही, मुलाला खांद्यावर घ्यायचं, हात सोडायचा नाही. श्वास कोंडायला लागला तर दर्शनाचा हट्ट सोडून बाजूला व्हायचं. कळसाला नमस्कार केला तरी दर्शन पोचतं, हे आपल्याकडे पहिल्यापासून मानलेलं आहे. पंढरीत गर्दीमुळे आत न जाता कळस पाहून फिरणारे वारकरी हजारोंनी असतात आणि कुणी त्यांची वारी अपुरी म्हणत नाही.

एक गोष्ट भीतीबद्दल. लिंबू-मिरची, काळ्या बाहुल्या, झाडाला खिळे ठोकणं, 'बाधा' उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, असले प्रकार काही देवस्थानांच्या आवारात चालत आले. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. देवळाच्या दारात कुणी "तुमच्यावर कोप आहे, इतके हजार द्या" म्हणालं तर हात जोडून पुढे जायचं. फार मागे लागला तर पोलीस चौकी असते.

७. आत कुणी यायचं?

आता याचं उत्तर कायद्यात सरळ आहे, पण ते सहजासहजी मिळालेलं नाही. भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. त्याच मुलाने मोठेपणी, मार्च १९३० मध्ये, नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू केला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी त्याच दशकात अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राच्याच आधाराने मांडणी केली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. १९५६ च्या कायद्याने हिंदूंच्या सार्वजनिक उपासनास्थानांत कुणाही हिंदूला अडवणं गुन्हा ठरलं. १ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने याच कायद्यावर बोट ठेवून सांगितलं की जिथे पुरुष जातात तिथे स्त्रियांना रोखता येणार नाही. गाभारा सगळ्यांनाच बंद ठेवणं वेगळं आणि काहींनाच बंद ठेवणं वेगळं, हा फरक लक्षात असू द्या.

मासिक पाळीचा प्रश्न अनेक मुली दबक्या आवाजात विचारतात. न जाण्याची रूढी आहे आणि ती पाळायची की नाही हे त्या बाईनेच ठरवावं, घरच्या पुरुषांनी किंवा सासूने नाही. चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी आपल्या अभंगात विटाळाचा प्रश्न मुळापासून उपस्थित केला होता: देह ज्यातून जन्मतो तोच विटाळ, मग सोवळा राहिला कोण? त्या प्रश्नाला अजून कुणी धड उत्तर दिलेलं नाही.

८. दर्शन झाल्यावर

तीर्थ उजव्या तळहाताला डाव्याचा आधार देऊन घ्यावं. प्रसाद तिथेच थोडा खावा, उरलेला घरी न्यावा, फरशीवर सांडू नये. बाहेर पडताना देवाकडे एकदम पाठ फिरवत नाहीत; दोन पावलं मागे सरून मग वळायचं. आणि नंतर पायरीवर टेकायचं. ही पायरी फार लोक विसरले. गाभाऱ्यात धक्के असतात, मंडपात सूचना देणारा माईक असतो. पायरीवर कुणी हटकत नाही. मगाशी पाहिलेली मूर्ती इथे डोळे मिटून आठवायची. वस्त्राचा रंग, फुलं, डोळे. आठवली तर दर्शन झालं. नाही आठवली तर पुन्हा रांगेत उभं राहायला कुणाची मनाई नाही.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पेटीतला पैसा देवस्थानाचा, ताटातला बहुधा पुजाऱ्याचा, आणि दोन्ही ऐच्छिक. मोठी देणगी दिली तर पावती मागा. नोंदणीकृत देवस्थानांना धर्मादाय आयुक्तांपुढे हिशेब द्यावे लागतात, पावती मागण्यात अविश्वास नाही. फोटो काढण्याआधी विचारा. नाही म्हटलं तर चोरून काढू नका. नदीत निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुने कपडे टाकू नका. वाईची, माहुलीची, औदुंबरची आणि सांगलीची कृष्णा एकच आहे. वरच्या घाटावर टाकलेलं खालच्या घाटावर कुणाच्या तरी ओंजळीत येतं.

आणि पहिल्यांदाच जाणार असाल तर यात्रेचा दिवस टाळा. मांढरदेवी आणि पाल पौषात, शिंगणापूर चैत्रात माणसांनी भरून वाहतं. साध्या वारी सकाळी लवकर जा, गुरवाशी दोन शब्द बोला, तिथली रीत पाहून घ्या. यात्रा पुढच्या वर्षी करा.